ओल्या फरशीवरचा नाच

बाईंचा गुडघा गेला तो एका साध्या गिरकीत. मंचावर नाही, नाचाच्या वर्गात, चौदा मुलींसमोर, पन्नाशी उलटल्यावर. तोवर त्यांची शिकवायची रीत एकच होती: "माझ्याकडे बघा आणि करा." आता बघण्यासारखं काही उरलं नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्या खुर्चीत बसून आकडे ओरडायच्या, मुली एकमेकींच्या पायांवर पाय द्यायच्या. दोन महिन्यांत चौदाच्या नऊ झाल्या.

जिना चढायला बाईंना आता वेळ लागे, त्यामुळे वर्गाला रोज उशीर. मुली मात्र वेळेवर येत आणि हॉलभर हुंदडत. नेमकी तीच वेळ हॉल पुसणाऱ्या मावशींची. ओल्या फरशीवर धुळीचे पाय उमटले की मावशींचा जीव खालीवर व्हायचा. ओरडून घसा बसला, तेव्हा त्यांनी खालून जुनी वर्तमानपत्रं आणली, एकेकीपुढे एकेक पान टाकलं आणि दम भरला, "पानावर काय वाट्टेल ते करा. पाय फरशीला लागला तर याद राखा."

पानावर नुसतं उभं कोण राहणार? मुली जागच्या जागी नाचायला लागल्या. मावशी बादलीवर ठेका धरायच्या, ठेका थांबला की पानाची घडी घालायला लावायच्या. पान अर्धं, मग पाव. जागा कमी होईल तसे मुलींचे गुडघे आपसूक वाकायला लागले, भार एका पायावरून दुसऱ्यावर नीट जायला लागला. हातांना मावशींनी घरच्याच कामांची नावं दिली. फडकं पिळा म्हटलं की मनगटं फिरायची, बादली उचला म्हटलं की पाठ ताठ ठेवून खाली बसायचं. वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला गोगलगाय म्हणत. सगळ्यांचं झालं की हिचं सुरू व्हायचं. मावशींनी बादली तिच्याच हाती दिली. "तू वाजव. बाकीच्या तुझ्यामागून येतील." पंधरवड्यात गोगलगाय ठेक्यावर आली.

बाई एकदा दारातच थबकल्या आणि बघत राहिल्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या वर्गात असं काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून पानाचा खेळ बाईंच्या वर्गात आला. मग फडकं आलं, बादली आली. मुलींचा आकडा नवावरून बावीसवर गेला. मावशींना विचारावं असं बाईंच्या मनातही आलं नाही. घरातला पंखा चालू करताना कुणी पंख्याला विचारतं का, तसंच.

शाळांमधल्या नृत्यशिक्षकांचं एक शिबिर भरायचं होतं. त्यासाठी बाईंना पुस्तिका लिहायला सांगितली: मुलांना नाच शिकवण्याच्या सोप्या युक्त्या. बाईंनी तोंडी सांगितलं, लेकीनं संगणकावर उतरवलं. प्रस्तावनेशी लेक थांबली.

"आई, 'तीस वर्षांच्या अनुभवातून सुचलेल्या' असं लिहू? पानाचा खेळ तर मावशींचा ना?"

"अगं, त्यांनी फरशी वाचवायला केलं ते. त्याचा नाच मी केला."

"तरी पण, आई..."

"लिही गं तू."

लेकीनं लिहिलं. पण त्या दिवशी ती चहाला थांबली नाही.

शिबिर त्याच हॉलमध्ये झालं. चाळीस शिक्षक, हातात पुस्तिका. प्रात्यक्षिकासाठी बाईंनी आपल्या आठ मुली उभ्या केल्या. खुर्च्या मांडून झाल्यावर मावशी दाराशी थांबल्या होत्या, पदराला हात पुसत. बाईंना त्या दिसल्या, आणि दिसल्या नाहीत असं बाईंनी केलं.

पहिली घडी झाली, दुसरी, तिसरी. टाळ्या पडल्या. बाईंना चेव चढला. वर्गात तीनच घड्या व्हायच्या, पुस्तिकेत बाईंनी चौथी वाढवली होती. "आता चौथी!"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. गोगलगायीनं बादलीवरचा हात उचलला आणि थेट दाराकडे मान वळवली. "मावशी, चौथी नसते ना? तुम्ही म्हणालात चौथीला पाय मुरगळतो."

चाळीस माना दाराकडे वळल्या. मावशी गडबडल्या. पहिल्या रांगेतल्या एका शिक्षकानं हसत विचारलं, "म्हणजे हा खेळ यांचा की काय?"

खरं सांगायला तेवढी एक फट मिळाली होती. एका वाक्याचं काम होतं. पण बाईंच्या तोंडून निघालं ते असं: "मावशी रोज आमचा वर्ग बघतात ना! बघून बघून त्याही आता मास्तरीण झाल्यात."

सगळे हसले. प्रेमानंच हसले, आणि तेच वाईट होतं. मावशीही ओठांतल्या ओठांत हसल्या, मान खाली घातली आणि जिना उतरून गेल्या. मुलींपैकी कुणीच हसलं नव्हतं. बावरलेल्या आठ चेहऱ्यांसमोर बाईंनी उरलेलं शिबिर कसंबसं रेटलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी मुली यायच्या आत हॉल पुसून जायला लागल्या. फरशी कोरडी, लख्ख. समोरासमोर आल्या की पूर्वीसारखंच "बाई, पाणी देऊ?" म्हणायच्या. तो साधा सूर बाईंच्या काळजात रुतायचा. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. जेवताना, केस विंचरताना, कुठेही ते मास्तरिणीचं वाक्य आठवायचं आणि बाईंचे कान तापायचे. एकदा तर भाजी चिरता चिरता त्या मोठ्यानं "शी!" म्हणाल्या. लेकीनं विचारलं, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही." लेकीला कळलं असावं. तिनं खोदून विचारलं नाही, त्याचीही बाईंना लाजच वाटली.

तीन आठवड्यांनी बाई जिन्याखालच्या खोलीत गेल्या. झाडू, बादल्या, एक स्टूल. मावशी फडकी वाळत घालत होत्या.

"मावशी, मी खोटं बोलले. पुस्तिकेत लिहिलं तेही खोटं. सगळं तुमचं होतं."

मावशींनी हातातलं फडकं झटकलं. "माहितीये मला."

"मला माफ करा."

"ते राहू द्या. पुस्तिकेत चार घड्या छापल्यात?"

बाईंना आधी कळेचना. "हो. चार."

"मग आधी ते बघा, बाई. चाळीस शाळांत पोरं चौथ्या घडीवर उभी राहतील. आमची एक पडली होती, आठवडाभर पाय सुजला होता तिचा. तुम्ही त्या दिवशी वर आला नव्हतात अजून." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि मास्तरीण म्हणून हसवलंत ना, ते लागलं मला. खेळ घेतलात त्याचं एवढं नाही."

बाई स्टुलावर बसल्या.

चाळीस पत्रं त्यांनी हातानं लिहिली. छापील पाठवली असती तर स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं असतं. प्रत्येकात तेच: तीनच घड्या, चौथी नाही, आणि पुस्तिकेतल्या पहिल्या सहा युक्त्या माझ्या नाहीत, आमच्या हॉलच्या मावशींच्या आहेत, शिबिरात मी खोटं बोलले. "खोटं बोलले" लिहिताना पहिल्या पाच-सहा पत्रांत पेन अडलं. पुढे अडलं नाही, पण सोपंही झालं नाही.

उत्तरं तीनच आली. दोघांनी नुसतं "कळलं" म्हटलं. तिसरं पहिल्या रांगेतल्या त्या शिक्षकाचं: मावशी आमच्या शाळेत येऊन शिकवतील का?

बाईंनी विचारलं, तर मावशींनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "येते. पण तुम्ही मागे बसायचं. मधे बोलायचं नाही."

त्या शाळेत बाई मागच्या बाकावर बसल्या. मावशींनी तीस मुलं नाचवली, न ओरडता. शेवटी एका मुलानं विचारलं, "हे सगळं तुम्हीच शोधलंत?"

"सगळं कुठलं! गिरकी घेताना नजर एका जागी धरायची, ते या बाईंचं. दाराआडून शिकलेय मी. बाकीचं माझं."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. बाईंनी मान वर ठेवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ज्या मावशींचं सगळं आपण घेतलं, त्यांनी आपलं एवढंसं वेगळं काढून, नाव घेऊन, परत दिलं होतं.

आता वर्ग दोघींचा आहे. मावशींनी पगाराचं काम सोडलं नाही. आधी फरशी, मग नाच. बाई वेळेवर येतात. पण कुणी नवी आई येऊन "तुमची पुस्तिका फार आवडली हो" म्हणाली, की बाईंचे कान अजून तापतात, आणि खरं काय ते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.