डाव्या पंखाखालचं ठिगळ

भूतखेत, भास, संकेत... यातलं मी काहीच मानत नव्हतो. बायको उपास करते, मी नाश्ता करतो, असा माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

रिसोडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. आधी हातानं पाट्या रंगवायचो. आता ब्रशला काम नाही, म्हणून विमानांची मॉडेल्स बनवायचा नाद लागला. अकोल्यात खेळण्यांचं एक जुनं दुकान बंद होत होतं, तिथे एका फायटर विमानाचा किट मिळाला – डबा पिवळा पडलेला, पण सील शाबूत. भाग जोडले, अख्ख्या विमानाला एकच चंदेरी रंग मारला. नंबरांचे स्टिकर पाण्यात टाकले तर त्यांचा चुरा झाला. मग डब्यावरच्या चित्रात बघून शेपटीवर नंबर हातानंच काढला. शेवटचे दोन आकडे ३१.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे सासरे रिठदहून तुरीच्या शेंगा घेऊन आले. मी त्यांना मामाजी म्हणतो. तरुणपणी ते हवाईदलात मेकॅनिक होते, मग कायमचे शेतीत. त्या नोकरीबद्दल घरात कधी शब्द काढला नाही. टेबलावरचं विमान बघून ते उभेच राहिले.

"जवाईबापू, हा नंबर कोणं सांगतला तुमाले?"

"डब्यावरच आहे की," म्हणत मी बघितलं... शेपटीवर शेवटी ७४ होतं. माझ्याच वळणाचं. डब्यावर मात्र ३१.

मामाजी हळूच खुर्चीत टेकले. "उलटं करा बरं. डाव्या पंखाखाली ठिगळ असन."

मी उलटं केलं. चंदेरी रंगावर नखाएवढा राखाडी चौकोन. कडा रेखीव. बोटानं घासून पाहिलं, निघेना.

"मीच मारलं होतं ते," मामाजी म्हणाले. "रंग जुळत नव्हता, पण उडवाची घाई होती. पायलट पोरगंच होतं. डोक्यावरची काच मीच लावून देल्ली त्याची. हात हालवला त्यानं मले... वापस नाही आला."

वंदना, माझी बायको, दारात उभी होती. "बाबा, तुमी कधी सांगतलं नाही?"

"काय सांगू, माय? ठिगळ मीच मारलं होतं ना."

नंतर मी रंगाच्या सगळ्या बाटल्या उघडून पाहिल्या. तो राखाडी माझ्याकडे नाही, कधी नव्हता. घरातल्या त्या खोलीत मी आणि वंदना सोडून कोणी येत नाही, आणि वंदना ब्रशला हात लावत नाही. नंबर माझ्याच हातानं चुकला म्हणू... पण ठिगळ? तर्क करून थकलो.

कॉकपिटवरची काच तेवढी लावायची राहिली होती. निघताना मामाजींनी ती हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि टेबलावर परत ठेवली.

"ही नका चिकटवू, जवाईबापू. उघडंच राहू द्या त्याले."



मी चिकटवली नाही.