पैजेवर गेलेली मिशी

सिनेमातल्या नट्यांबद्दल आपल्याला सगळं कळतं, असा तेव्हा माझा पक्का समज होता. मित्रांचा नव्हता.

मुंबई कुणाची, यावरून शहर पेटलेलं होतं, ते दिवस. मी गिरगावातला कारकून. माझे दोन मित्र मात्र गिरणगावातले. एक लालबागचा मालवणी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. दुसरा डिलाईल रोडचा, शाळेत मास्तर. एका रविवारी सकाळी मालवण्याने मला त्याच्या ओळखीच्या सलूनमध्ये नेलं. संध्याकाळी मला दादरला मुलगी बघायला जायचं होतं. माझा फोटो तिच्या घरी आधीच गेला होता, आणि त्या फोटोत बघण्यासारखं काही असेल तर ती माझी मिशी. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. दोन महिने जपली होती.

न्हावी माझ्या गालांना साबण लावत होता. बाकावरून मालवण्याने कोडं टाकलं.

"हजार माणसांसमोर ती रडली, माणसंपण तिच्याबरोबर रडली. आणि आज लालबागेत फिरते तर कुत्रं वळून बघत नाही. कोण? सांग रे, तुका सगळा ठावक आसा ना?"

मी ताबडतोब एका नटीचं नाव घेतलं. पडद्यावर रडण्यासाठीच जन्माला आलेली बाई.

"ती लालबागेत कशाला येईल?" मास्तर म्हणाला.

"मसाला कुटून घ्यायला," मी म्हणालो.

"तिच्याकडे नोकर नाहीत?"

"नोकर मिरच्या मारतात. म्हणून स्वतः येते, तोंडावर पदर घेऊन. मी पाहिलीय."

"तोंडावर पदर होता, तर ओळखलीस कशी?"

"चालीवरून!"

न्हाव्याचा हात थांबला. त्याला खोकला आला असावा.

"अरे, कोडं नीट ऐक," मास्तरने मला शाळेतल्या पोरासारखं फैलावर घेतलं. "पडद्यावरची बाई कॅमेऱ्यापुढे रडते. ही माणसांपुढे रडलीय. नाटकातली असणार."

"तू पोरांना भूगोल शिकव. लाव पैज!" मी म्हणालो.

"कसली?"

मालवणी माझ्याकडे बघत म्हणाला, "मिशी." दादर आठवायच्या आत मी "कबूल" म्हणून बसलो होतो.

"मागच्या महिन्यात परळच्या मैदानात सभेआधी नाटुकलं झालं. आठवतं?" मालवण्याने विचारलं.

विसरेन कसा! शेटजी हात बांधून ओढत नेतोय आणि हिरव्या लुगड्यातली मुंबई हंबरडा फोडतेय. मी उठून त्या शेटजीवर चप्पल उगारली होती. पुढे आठवडाभर या दोघांना सांगत होतो, लग्न करीन तर असल्या डोळ्यांच्या मुलीशी.

"तीच ती," मालवणी म्हणाला. "बघ."

न्हाव्याने माझ्या गळ्यातला टॉवेल काढून डोक्यावरून घेतला, दोन्ही मनगटं जुळवून पुढे केली आणि म्हणाला, "सोडवा रे मला कुणीतरी!"

तेच डोळे. खाली दोन दिवसांची दाढी, पण डोळे तेच. कामगारांच्या नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ती रडायला लागली की हे ध्यानात कोण ठेवणार!

"आता मिशी," मालवणी म्हणाला.

मी फोटोचं सांगितलं, दादरचं सांगितलं. मास्तर तरी मध्ये पडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "पैज तूच लावलीस ना?"

न्हाव्याने टॉवेल पदरासारखा खांद्यावर टाकला, वस्तरा उचलला आणि त्याच मैदानातल्या आवाजात म्हणाला, "मान वर करा, नाथ."

संध्याकाळी मामाला बरोबर घेऊन दादरला गेलो. मामाला जिन्यावर धाप लागायची, म्हणून मी पुढे झालो. मुलीच्या वडिलांनी दार उघडलं. हातात माझा फोटो. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"या, या. तुम्ही धाकटे भाऊ वाटतं? मुलगा मागून येतोय ना?"

तिथल्या तिथे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण ओठावर वारा लागत होता आणि डोकं चालत नव्हतं. मी म्हटलं, "हो. येतोच आहे."

मामा धापा टाकत वर पोचला, तेव्हा मी आणि मुलीचे वडील शेजारी शेजारी बसून, दाराकडे डोळे लावून, माझी वाट बघत होतो.