पूर्ण नाव

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत एके काळी दर दोन घरांआड एक गायनपार्टी होती आणि भीमगीतांना रात्र पुरायची नाही. आता आमची एकच उरली. भीमराज ढोलकी वाजवून गातो, मी पेटी धरतो. आयुष्यभर त्याने रंगाच्या कारखान्यात डबे उचलले. पोट भरायला कारखाना, जगायला ढोलकी. एकुलत्या पोरीला गाणं त्यानेच शिकवलं. प्रियंका शिकली, मोठ्या ऑफिसात लागली आणि लग्न होऊन मुलुंडला गेली.

मागच्या रविवारी तिच्याच ऑफिसची माणसं गाण्याची गल्ली बघायला आली. अशी मंडळी हल्ली येतात, फोटो काढतात, आम्ही दोन गाणी म्हणतो. घोळक्याच्या मागे गॉगल लावून प्रियंका उभी. भीमराज हसत उठलाच होता. तिने तोंड फिरवलं. तो परत बसला आणि ढोलकीच्या दोऱ्या ओढू लागला. पोरीला आमची लाज वाटत होती. माझं डोकंच फिरलं, पण त्याने मला डोळ्यांनी गप्प केलं.

गाणं रंगलं. तिच्या साहेबांनी शंभराची नोट तिच्याच हातात दिली आणि तिला पुढे ढकललं. आमच्यात नोट आली की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारतात, तेही बापाच्या नावासकट. गावात आमच्या बापांना कुणी धड नावाने हाक मारली नव्हती, म्हणून इथे ते मोठ्याने घ्यायचं, हा भीमराजचाच हट्ट.

"पूर्ण नाव सांगा, ताई," तो म्हणाला. पोटच्या पोरीला ताई.

"प्रियंका," ती म्हणाली. "नुसतं प्रियंका."

त्याने नोट कपाळाला लावली आणि माईकवर पुकारलं, प्रियंकाताईंकडून शंभर रुपये, पार्टी आभारी आहे. बापाच्या नावाशिवाय त्याने कधी नोट घेतली नव्हती. प्रियंकाची मान वरच होईना.

निघताना साहेबांनी आपुलकीने विचारलं, काका, घरात पुढे कुणी गातं का?

"मुलगी गायची," भीमराज म्हणाला. "आता लांब असते."

प्रियंका इतकी जवळ उभी होती की तिचा पाय ढोलकीला लागला असता.