विधवेच्या रकान्यातल्या सिस्टर

भूत, आत्मा असलं काही ऐकलं की मला आधी जांभई येते. बुरहानपुरात माजी सैनिकांचे फॉर्म भरून देणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी सोळा वर्षं घासतोय... कागदांपुढे कसलं भूत टिकतं! तरी हे सांगतोच.

सुशीला सिस्टर फौजेत नर्स होत्या. भाऊ गेल्यावर भाच्यांनी जैनाबादचं घर विकलं, त्यात यांचे कागदही गेले. सत्तरी पार केलेल्या सिस्टर रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात आल्या. माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमात एकच खोली रिकामी होती. अर्ज मीच भरला, सही जमेना म्हणून अंगठा घेतला आणि सवयीने 'सैनिकाची विधवा' वर टिक मारली. आमच्याकडे बाई येते ती नवऱ्याचे कागद घेऊनच. दुसरं काही डोक्यातच आलं नाही. अर्ज परत आला — पतीचा सेवा क्रमांक लिहा. मी वैतागून तो ढिगात सरकवला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सिस्टर माझ्या टेबलासमोर उभ्या.

"भाऊ, ते विधवा काटून द्या. मी कोणाची बायकोच नव्हती. फौजमध्ये मी खुद होती."

स्वतःचा सेवा क्रमांक त्यांनी घडाघडा सांगितला. मी नवा फॉर्म भरला, त्यांनी सही केली, लगेच पाठवून दिला.

संध्याकाळी पोचपावती द्यायला रैनबसेऱ्यात गेलो. सिस्टर दुपारी येऊन सही करून गेल्या म्हटल्यावर तिथलं सगळं बघणारी संगीता चक्रावलीच. "काय बोलता भाऊ? सिस्टर तर चार दिवसापासून बुखारमध्ये पडेल आहे. दुपारी मीच चमच्याने पाणी पाजलं."

खाटेवर सिस्टरच होत्या. सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्स मी पुढे केली, ती त्यांना धड धरवेना. बराच वेळ बघून म्हणाल्या, "सही तर माझीच आहे. पण आता माझा हात असा कुठे चालतो?"

क्रमांक बरोबर निघाला. खोली मिळाली. बायको म्हणते, दमला होतात, भास झाला. असेलही... पण भास सही करतो? उत्तर शोधायचं त्राण माझ्यात नाही.

वृद्धाश्रमात सोडायला गेलो तेव्हा सिस्टरनी एकच विचारलं, "त्या दुपारी ती आली होती, तिला बसायला तरी सांगितलं ना भाऊ?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो. समोरच्या खुर्चीवर माझ्या फायली होत्या — आणि त्या उचलायचा मला कंटाळा आला होता.