पत्त्यातला देश

पोस्टात नोकरी केली की किस्से साठतातच. मी रिसोडच्या पोस्टात क्लार्क होतो. आमच्या पोस्टमास्तरांना कुठल्याही देशाचं नाव दिसलं, की ते कुठून आलं हे सांगायचा नाद. तेवढ्यापायी एकदा आमची नोकरी जात होती!

*

बेचाळीसचा ऑगस्ट. धरपकड सुरू. पोलीस जमादार पोस्टातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा. देशांच्या यादीत ‘सयाम’ खोडून ‘थायलंड’ लिहायचं होतं. मास्तर मोठ्यानं म्हणाले, “थायलंड म्हणजे स्वतंत्र लोकांचा देश!”

जमादार काठी घेऊन उठला. “कोन झालं सोतंत्र?”

मास्तरांनी यादी पुढं केली. “सयाम, साहेब.”

जमादारानं डायरी उघडली. “कोन शाम? बापाचं नाव सांगा!”

*

रिठदच्या यमुनाबाईंचा नवरा पलटणीत. त्याच्या पत्रात गावाचं, देशाचं नाव आलं की सेन्सॉर त्यावर काळी शाई फासायचा. एकदा त्यानं लिहिलं, ‘आठवण आली तर मिश्रीचा खडा तोंडात टाकजो. तो जिथून आला, मी तिथीच हाय.’

बाईंना पत्र वाचून दाखवता दाखवता मास्तर थांबले. बाकावर जमादार होताच. मास्तर खिडकीतून वाकून हळूच बोलले, “खडीसाखर मिसर देशातून आली म्हणून तिला मिश्री म्हणतात. तुमचा माणूस मिसरात आहे. इजिप्तात.”

बाईंनी पत्र पदरात बांधलं. “शाई फासनाऱ्याले मिश्री ठाव नाही वाटते!”

*

पुढं पेपरात यायला लागलं, मिसरात मोठी लढाई पेटली. पत्रं बंद झाली. बाई दर बाजाराला पायी यायच्या, खिडकीशी उभ्या राहायच्या. मी मान हलवली की परत जायच्या.

एक दिवस मास्तर म्हणाले, “बाई, मी ते नाव सांगायलाच नको होतं.”

“असं कायले म्हनता? ठाव नव्हतं तवा साऱ्या दुनियेचं भेव वाटे. आता एकाच देशाचं वाटते.”

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. बाईंनी मला फक्त खालची सही वाचायला लावली. दोनदा!

*

सत्तेचाळीसची गोष्ट. मास्तर सांगत होते, सिंधू नदीवरून हिंद, हिंदवरून हिंदुस्थान.

“ते नदी कुठी हाय?” एका शेतकऱ्यानं विचारलं.

“आता तिकडं गेली.”

“मंग नाव इकडं कसं राह्यलं?”

मास्तर पाकिटांवर शिक्के मारायला लागले.

*

पोस्टासमोर रहीमचाचा शिवणकाम करायचे. मुलगा कैक वर्षांपासून कराचीच्या गोदीत. फाळणीनंतर त्याचं पत्र नाही. चाचा पाकीट घेऊन आले. “पत्ता लिव्हून द्या, बाबू.”

मी नाव लिहिलं, कराची लिहिलं आणि थांबलो.

“काहून थांबले?”

“आता देशाचं नावही लागते, चाचा.”

“कोनतं?”

“पाकिस्तान.”

“हे कोनी ठेवलं?”

मास्तर सवयीनं बोलले, “पाक म्हणजे पवित्र...” आणि मधेच थांबले.

“पोराचं नाव म्या ठेवलं,” चाचा म्हणाले. “सारी गल्ली जेवली होती. ह्या नावाच्या टायमाले मले कोनी इचारलं नाही.”

त्यांनी पाकीट ओढून घेतलं. मग परत माझ्यासमोर सरकवलं.

“लिव्हा. पन बारीक लिव्हा. पोराचं नाव मोठं करा.”