सुधाताईंचा खडा

डेअरीवर मी दुधाची बरणी पुढे केली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "वो क्रिस्टलवाली ताई तो जा रही हैं, सिटी सेंटर, बेटी के यहाँ. बस, जैसे ही..." तेवढ्यात कुणी बुलेट चालू केली आणि पुढचं वाक्य त्या धडधडीत गेलं. वळून पाहिलं, तर बोलणारा कोण तेही कळेना.

एरवी अर्धी बातमी मला पुरते, उरलेली अर्धी मी घालते. त्या दिवशी मात्र काही घालवेना. सुधाताई गेल्या तर? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर त्यांची प्रयोगाची खोली. मध्ये फक्त बोळ. ताईंचे किस्से मी काही जमवायला गेले नाही. पोळ्या लाटता लाटता ते साठत गेले, माळ्यावरच्या डब्यांसारखे. आता एकेक खाली काढते.

* * *

ताई मूळच्या इथल्याच, आमच्या या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या. शिकून मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. यंत्रात लागणारे स्फटिक तेव्हा बाहेरून यायचे. ते इथेच वाढवून दाखवीन म्हणून बाईंनी स्वतः भट्टी बांधली. आम्ही गल्लीतले त्या स्फटिकाला खडाच म्हणतो.

पहिला मोठा खडा भट्टीत थंड होत होता आणि नेमके बडे पाहुणे आले. साहेब म्हणाले, "काढा बाहेर, दाखवून टाकू."

"आत्ता काढला तर तडकेल," ताई म्हणाल्या.

"अहो, पाहुणे विमानानं आलेत."

"मग त्यांना घाई असेल. खड्याला नाही."

शेवटी पाहुण्यांनी बंद भट्टीला हार घातला, फोटो काढून घेतला आणि गेले. खडा पुढे सुरेख निघाला. हार मात्र पाहुणे गेटबाहेर पडायच्या आत भाजून निघाला होता.

* * *

रिटायर होऊन ताई परत आल्या त्या भांड्याकुंड्यांपेक्षा काचेच्या बरण्याच जास्त घेऊन. आता मोठी भट्टी नाही, पण कोमट पाण्यात खडे वाढवणं चालूच. पाण्याला जरा हादरा बसला की खडा बिघडतो. आणि आमच्या गल्लीतून तर लग्नसराईत रोज एक वरात.

पहिल्याच वरातीला ताई खाली उतरून बँडवाल्यापुढे उभ्या राहिल्या. "भैया, मेरे घर के आगे बाजा बंद."

तो म्हणाला, "अम्माजी, बारात है, तेरहवीं थोड़े ही है."

"आगे जाके जितना बजाना है बजाओ. यहाँ एक चीज़ बढ़ रही है."

आत कुणी बाळंतीण आहे असं समजून बिचाऱ्यानं हात जोडले. बँड गप्प, वऱ्हाडी चवड्यांवर. घोडी तेवढी कुणाचं न ऐकता टाप टाप करत गेली. तेव्हापासून सगळे बँडवाले ताईंच्या दारापुढे बाजा थांबवतात. परवा एकानं मला विचारलं, "बच्चा अब तो स्कूल जाता होगा?"

* * *

एका संक्रांतीला ताईंनी हळदीकुंकवाला वाण काय द्यावं? साखरेच्या घट्ट पाकाची बरणी आणि आत सोडलेला दोरा. "घरी न्या, खडीसाखर वाढवा. फक्त हात लावू नका."

आम्ही बायका. हात न लावता कुठे राहतो? कुणी रोज दोरा वर काढून पाहिला, कुणी ढवळलं, कुणी इलायची घातली. मी तर जाता-येता बरणी उजेडात धरून बघायची. कुणाचीच खडीसाखर धड झाली नाही. झाली ती फक्त माझ्या सासूबाईंची. त्या बरणी कणकेच्या डब्यामागे ठेवून साफ विसरून गेल्या होत्या.

ताईंनी त्यांना सगळ्यांपुढे बोलावून ओटी भरली आणि म्हणाल्या, "बघा, प्रयोग असा करतात."

सासूबाईंनी विचारलं, "कुठला प्रयोग?"

* * *

ताईंची थोरली बहीण, अक्का, इंदूरहून आली ती ऐन थंडीत. इथलं धुकं तिला सोसेना. बहिणीच्या खोलीत गारठा फार म्हणून मायेनं तिनं कोळशाची शेगडी पेटवली आणि नेऊन ठेवली ती बरोबर खड्याच्या बरणीला टेकवून. पाणी तापलं. अख्ख्या पावसाळ्यात वाढवलेला खडा दुपारपर्यंत विरघळला.

ताई वाकून बरणीत खडा शोधत होत्या. अक्का म्हणाली, "सुधा, कशी ग तू? पाणी नुसतंच ठेवलंयस. चहा तरी टाक."

* * *

आता ती बुलेटखाली गेलेली बातमी. ताई मध्यंतरी जिन्यात पडल्या, तेव्हापासून त्यांच्या मुलीनं, मीनलनं, धोशा लावला. सिटी सेंटर म्हणजे गावातली नवी वस्ती; तिथल्या तिच्या फ्लॅटला लिफ्ट आहे. मी सरळ जाऊन विचारलं, "ताई, तुम्ही जाताय म्हणे?"

"जाते ना. मीनलला शब्द दिलाय. हा खडा लिंबाएवढा झाला की निघायचं."

खडा तेव्हा आवळ्याएवढा झालाच होता. मला त्या दिवशी पोळी गोड लागली नाही. (पुढचं बिनधास्त लिहिते आहे. मीनल मराठी बोलते, वाचायचं म्हटलं की हिंदी शोधते.)

मीनल दर रविवारी येऊन खडा बघून जायची. एका शनिवारी मी खिडकीशी होते. ताई बरणीपुढे उभ्या. पाण्याची ऊब राखणारं त्यांचं एक बटण आहे. त्यांनी ते बोटानं हलकेच वर फिरवलं. अगदी जरासंच. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलून दाखवला, येतेस का चहाला.

रविवारी मीनल आली तेव्हा मी ताईंकडेच होते. "आई, हा बोराएवढा कसा झाला? मागल्या हफ्त्यात केवढा होता!"

ताई कपांत चहा ओतू लागल्या. मीच म्हणाले, "अग, माझंच चुकलं. ताईंना गारठा लागतो म्हणून मी शेगडी आणून ठेवली."

"मंगलकाकू, तुम्ही पण ना. आता पूरा शुरू से?"

"असू दे ग," ताई म्हणाल्या. "मायेनं ठेवली तिनं. मी वाढवीन परत."

मीनल जिना उतरून गेली. तिची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आम्ही दोघी चहा पीत बसलो.

मग ताईंनी विचारलं, "मंगल, तुझ्याकडे शेगडी आहे का ग?"

"नाही हो ताई. केव्हापासून इंडक्शनच आहे."

"मग एक आणून ठेव."