बाबांची पाच मिनिटं

"पोरगी आपल्यातली वाटते हो! नाहीतर हिच्या पक्षात सगळे सतरंज्या उचलणारे. त्यांच्याशी काय डोंबल बोलायचं?"

सोसायटीतले काका बोलले. मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. क्लबहाऊसभर टाळ्या. मी हसले. वर "थँक्यू काका" पण म्हणाले. जीभ का नाही झडली माझी?

मागच्या ओळीत माझे बाबा बसले होते. वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहून मान वाकडी झालेले. आणि पक्षाच्या प्रत्येक सभेनंतर सतरंज्या उचललेले. काकांना ते माहीत नव्हतं. मला होतं.

इलेक्शनपासून ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसती शिवीगाळ. म्हणून सेक्रेटरीने टूम काढली. दर रविवारी दोन पक्षांचे दोघं समोरासमोर बसवायचे. पाच मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. पहिल्याच रविवारी काका आणि मी. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. काकांनी खरंच ऐकलं. त्यांच्या मुलाची नोकरी गेली तेव्हाचं त्यांनी सांगितलं, मलाही वाईट वाटलं. निम्मा राग उतरला होता. आणि मग ते वाक्य.

सगळे चहाकडे वळले. बाबा उठले आणि खुर्च्या दुमडून भिंतीला लावायला लागले. सवयीने. कुणी थांबवलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "चांगली बोललीस की." एवढंच. टीव्ही लावला.

आठवडाभर डोकं भणभणत होतं. ऑफिसात कॉल चालू आणि माझ्या कानात टाळ्या. काकांचा राग माझ्यापुरता गेला होता. बाबांसारख्यांवरचा तसाच होता, आणि त्यावर मी थँक्यू म्हणून आले होते. लाज वाटली. स्वतःचीच चीड आली.

पुढच्या रविवारी बाबांना हाताला धरून पुढे नेलं. माझ्या खुर्चीत बसवलं.

"अगं, आपलं जमलं होतं ना?" काका म्हणाले.

"मी हसले म्हणून जमलं, काका. हे माझे बाबा. सतरंज्या यांनीच उचलल्यात. आज यांची पाच मिनिटं ऐका."

काकांनी घड्याळ बघितलं. "आज जरा काम आहे." गेले.

बाबा उठले, खुर्ची दुमडायला वाकले.

"बसा," मी म्हणाले. "ही दुमडायची नाही."

आता दर रविवारी ती खुर्ची मांडते. काकांनी आधी बाबांशी बोलायचं, मग माझ्याशी. तोवर भांडण चालू. आणि त्यात मी सतरंजीवाल्यांच्या बाजूला बसलेय.